'कोंपाद्रे'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: मेक्सिकन मालिकांत दोन पुरुष एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणतात आणि खाली भाषांतर येतं 'मित्रा'. हे बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावं?

'मित्रा' अगदीच चूक नाही. रोजच्या बोलण्यात हा शब्द सैल होत 'दोस्ता'पर्यंत आला आहे. मेक्सिकोत तर त्याचा नुसता 'कोंपा' होतो. पण मूळ नातं बाप्तिस्म्याचं. कॅथलिक घरात बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता (पाद्रिनो) आणि धर्ममाता (माद्रिना) लाभतात, एवढं आपल्याला ठाऊक असतं. स्पॅनिशने मोठ्या माणसांच्या आपसातल्या नात्यालाही नाव दिलं. बाळाचा बाप आणि धर्मपिता एकमेकांचे कोंपाद्रे, म्हणजे सहपिते. आई आणि धर्ममाता एकमेकींच्या कोमाद्रे.

हे नातं किती खरं मानत? 1917 सालची चर्चची कायदेसंहिता येईपर्यंत बाळाची विधवा आई आणि त्याचा धर्मपिता यांना खास परवानगीशिवाय लग्नही करता येत नसे. बोलण्यातही ते उमटतं. मेक्सिकोच्या खेड्यांत लहानपणापासून एकमेकांना 'तू' म्हणणारे मित्र (स्पॅनिशमध्येही 'तू'च!) कोंपाद्रे झाले की 'उस्तेद'वर, म्हणजे अहो-जाहोवर येतात. जवळीक वाढली म्हणून मान वाढतो. सबटायटलमध्ये नेमकं हेच निसटतं, याची मला फार हळहळ वाटते.

पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात बाळाचं जावळ काढतानाही कोंपाद्रे जोडले जातात. केचुआ भाषेत या विधीला 'रुतुचिकुय' म्हणतात आणि तो स्पॅनिश लोक तिथे पोचण्याआधीपासूनचा आहे. धर्मपिता केसांची बट कापतो आणि बाळाला पैसे किंवा एखादं जनावर देतो. हे नातं बरोबरीच्यांतच जुळतं असंही नाही. जमीनदार आपल्या मजुराच्या मुलाचा पाद्रिनो होई. मजुराला अडीअडचणीला आधार मिळे, मालकाला हक्काचा माणूस.

मराठीत 'व्याही' चटकन सुचतो, कारण तेही मुलांमुळे मोठ्यांत जुळणारं नातं. पण व्याह्यांसाठी स्पॅनिशमध्ये 'कोन्सुएग्रो' हा वेगळा शब्द आहे, त्यामुळे घोटाळा होईल. मी भाषांतर करताना 'कोंपाद्रे' तसाच ठेवीन आणि त्या दोघांना एकमेकांशी अहो-जाहो करायला लावीन.