भाजपशी युती असताना शिवसेनेने काँग्रेसच्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला पाठिंबा का दिला, आणि तरीही युती का टिकली?

आपण 2007 च्या निवडणुकीविषयी विचारले आहे. शिवसेना भाजपप्रणीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती, त्या आघाडीने भैरोंसिंह शेखावत यांना पाठिंबा दिला होता, आणि तरीही बाळासाहेब ठाकरे यांनी काँग्रेसप्रणीत आघाडीच्या उमेदवार प्रतिभाताई पाटील यांच्या बाजूने कौल दिला. मुंबईतील एका मराठी दैनिकाच्या राजकीय पानाचे काम मी त्या काळी पाहत होतो. ‘युती तुटणार का?’ हा प्रश्न वाचक तेव्हाही विचारत असत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

शिवसेनेने जाहीरपणे सांगितलेले कारण सरळ होते: प्रथमच एक मराठी व्यक्ती, आणि तीही महिला, राष्ट्रपती होत असताना मराठीचा कैवार घेणाऱ्या पक्षाने तिच्याविरुद्ध मत देणे शक्य नाही. हे कारण खोटे होते असे मी म्हणणार नाही. प्रतिभाताई जळगावच्या, 1962 पासून त्या महाराष्ट्राच्या राजकारणात होत्या आणि विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही राहिल्या होत्या. (त्यांचे सासर मूळचे राजस्थानातले आणि त्या स्वतः त्या वेळी राजस्थानच्या राज्यपाल, त्यामुळे तिकडे त्यांना राजस्थानची सून म्हणून पुढे केले जात होते, म्हणजे अस्मितेचा उपयोग केवळ शिवसेनाच करत होती असे नाही.) शिवाय मार्च 2006 मध्ये राज ठाकरे यांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन केली होती. अशा वेळी मराठी उमेदवाराला विरोध करून मराठीचा मुद्दा नव्या पक्षाच्या हाती आयता देणे शिवसेनेला परवडणारे नव्हते.

मात्र तेवढ्यावर थांबलो तर 2012 चा उलगडा होत नाही. त्या वर्षी शिवसेनेने पुन्हा आघाडीची वाट सोडली आणि भाजपने पाठिंबा दिलेल्या पूर्णो संगमा यांच्याऐवजी प्रणव मुखर्जी यांना मते दिली. मुखर्जी मतदानापूर्वी काही दिवस ‘मातोश्री’वर येऊन गेले. ते बंगाली होते, आयुष्यभर काँग्रेसचे होते. तेथे मराठीपणाचा प्रश्नच नव्हता. म्हणून माझे मत असे आहे की, दोन्ही वेळा मुख्य श्रोता दिल्लीतला भाजप होता. आम्हाला गृहीत धरू नका, एवढेच त्याला ऐकवायचे होते. युतीतील कुरबुरी मिटवण्याचे काम वर्षानुवर्षे करणारे प्रमोद महाजन मे 2006 मध्ये गेले होते, आणि त्यांच्या जागी तितक्याच सहजपणे ‘मातोश्री’वर जाऊन बोलू शकेल असा माणूस भाजपकडे उरला नव्हता, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

असा निरोप देण्यासाठी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीइतकी सोयीची जागा दुसरी नाही, आणि याचे कारण निवडणुकीच्या रचनेत आहे. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य गुप्त मतदान करतात. मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते. आणि व्हिप (पक्षादेश) मोडल्यास सदस्यत्व जाण्याची पक्षांतरबंदी कायद्यातील तरतूद सभागृहातील मतदानापुरती असल्यामुळे या निवडणुकीत पक्षाला आपल्या सदस्यांवर व्हिप बजावताच येत नाही. सरकार पडत नाही, कोणाची आमदारकी जात नाही. त्यातच शेखावत औपचारिकदृष्ट्या अपक्ष म्हणून उभे होते, त्यामुळे ‘आम्ही भाजपच्या उमेदवाराला पाडायला निघालो नाही’ असे म्हणण्याची वाटही शिवसेनेला मोकळी होती.

आता आकडे पाहू, कारण युती का तुटली नाही याचे खरे उत्तर त्यांत आहे. आमदाराच्या मताचे मूल्य 1971 च्या लोकसंख्येवरून ठरते. महाराष्ट्राची तेव्हाची सुमारे 5 कोटी 4 लाख लोकसंख्या 288 जागांनी आणि मग 1000 ने भागली की 175 हा आकडा येतो. खासदाराच्या मताचे मूल्य 2007 मध्ये 708 होते. 2004 मध्ये निवडून आलेले शिवसेनेचे 62 आमदार आणि 12 खासदार सगळेच्या सगळे धरले (नारायण राणे यांच्याबरोबर काही जण बाहेर पडले होते, ते सोडून देऊ), तर बेरीज 19,346 होते. राज्यसभेतील मोजके सदस्य मिळवले तरी ती पंचवीस हजारांच्या आतच राहते. प्रतिभाताईंना 6,38,116 आणि शेखावत यांना 3,31,306 मूल्याची मते पडली. फरक तीन लाखांहून अधिक. शिवसेनेने उलट बाजूला मते टाकली असती तरी हा फरक पन्नास हजारांनीसुद्धा कमी झाला नसता. भाजपला राग आला, पण त्या रागापायी मुंबई महापालिकेतील सत्ता आणि 2009 च्या निवडणुकांतील जागावाटप पणाला लावण्याइतके काही गमावले नव्हते. 2014 मध्ये युती तुटली ती विधानसभेच्या जागांवरून, राष्ट्रपतींवरून नव्हे.

निकाल खरोखरच अटीतटीचा असतो तेव्हा काय होते, हे 1969 मध्ये दिसले होते. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी असताना इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले, तेही दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागल्यानंतर, 4,20,077 विरुद्ध 4,05,427 अशा फरकाने. काही महिन्यांतच काँग्रेस दुभंगली. त्या निवडणुकीत तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख, ज्यांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले होते. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष त्यांच्या पाठीशी होते. शिवसेनेचा तोवर एकही आमदार नव्हता, त्यामुळे या मराठी उमेदवाराच्या वेळी तिची परीक्षा झाली नाही.

आपल्या प्रश्नात 2022 चा उल्लेख नाही, पण तो प्रसंग याच मालिकेतला आहे आणि तरीही वेगळा आहे. एकनाथ शिंदे यांच्या बंडामुळे उद्धव ठाकरे यांचे सरकार गेलेले, शिवसेनेचे खासदार अस्वस्थ, आणि महाविकास आघाडीतील तिचे साथीदार काँग्रेस व राष्ट्रवादी विरोधकांचे उमेदवार यशवंत सिन्हा यांच्या बाजूला. अशा स्थितीत 12 जुलै रोजी उद्धव ठाकरे यांनी भाजपप्रणीत आघाडीच्या उमेदवार द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. आदिवासी महिलेला संधी हे कारण त्यांनी दिले; दबाव नसल्याचेही सांगितले. पूर्वी हा निरोप बाहेरच्या मित्रपक्षासाठी असे; या वेळी तो घरातल्या खासदारांसाठी होता, असे मला वाटते. काँग्रेसचे नेते नाराज झाले, पण त्यांनी ताणले नाही. मतदान 18 जुलैला झाले, आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेतील 19 पैकी 12 खासदार शिंदे यांच्याकडे गेले. महाविकास आघाडी मात्र टिकली आणि 2024 च्या लोकसभा व विधानसभा या दोन्ही निवडणुका तिने एकत्रच लढवल्या.