कॅन्सरच्या पेशंटला घरी आणलंय, शेवटच्या दिवसांतला त्रास कसा कमी करायचा?

तुम्ही लिहिलंय की बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, हॉस्पिटलने घरी न्या म्हणून सांगितलं आणि रात्री त्यांना धाप लागली की सगळे घाबरून जाता. माझी आई ३ वर्षांपूर्वी कॅन्सरनेच, घरीच वारली, तिचं सगळं मी आणि वहिनीने केलं, त्यातलं उपयोगी पडलेलं सांगते.

आधी मॉर्फिन, म्हणजे कॅन्सरच्या दुखण्यावरचं जोरदार औषध. आमच्याकडे मामांनी पहिले ८ दिवस गोळी देऊच दिली नाही, सवय लागेल, लवकर जाईल म्हणून, आणि ती रात्रभर कण्हत राहिली, ते मला अजून सलतं. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या डोसने माणूस जात नाही हो. साधी गोळी साधारण ४ तासच टिकते, म्हणून दुखायची वाट न बघता घड्याळ लावून द्यायची, आणि पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत मागून घ्या, नाहीतर खडा होऊन वेगळेच हाल होतात. धापेवरही डॉक्टर मॉर्फिनच कमी डोसमध्ये देतात. शिवाय उशा लावून बसतं करा आणि छोटा टेबल फॅन चेहऱ्यावर सोडा, गालाला वारा लागला की खरंच बरं वाटतं.

जेवणाचा आग्रह नको, भूक मरतेच. सलाइन लावा म्हणून मावशी भांडली, पण शेवटी शरीराला ते पाणी पेलत नाही, सूज आणि घरघर वाढते. आम्ही बोटाला ओला कापूस गुंडाळून सारखे ओठ, हिरड्या पुसायचो, शेवटच्या दिवशी डोळे मिटलेले असतानाही आई तो कापूस ओठांत धरून ठेवायची.

घरघर सुरू झाली की कुशीवर वळवा, ऐकवत नाही पण त्यांना त्याचा बहुतेक त्रास नसतो. एकदा आई तळमळायला लागली, कपडे ओढायला लागली, आम्हाला वाटलं झालं आता. नर्सने ओटीपोट चाचपलं तर लघवी तुंबलेली, नळी घातल्यावर शांत झोपली!

मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, पॅलिएटिव्ह केअरवाल्यांनाच, म्हणजे अशा आजारात त्रास कमी करणाऱ्या डॉक्टर-नर्सनाच गाठा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये तो विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, तिथे पैसे घेत नाहीत. रात्री २ वाजता काय द्यायचं हे आजच कागदावर लिहून घ्या, औषधं घरात आणून ठेवा, आणि मृत्यूचा दाखला कोण देणार तेही फॅमिली डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.