व्होल्टेज आणि करंट माहीत असताना रोध आणि शक्ती कशी काढावी?

१२ व्होल्टच्या बॅटरीवर २ अँपिअर विद्युतधारा (करंट) घेणाऱ्या एखाद्या तंतूच्या दिव्याचा रोध ६ ओहम आणि शक्ती २४ वॅट आहे. रोधासाठी व्होल्टेजला विद्युतधारेने भागावे आणि शक्तीसाठी याच दोन राशींचा गुणाकार करावा. भागाकारामागे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम आहे. गुणाकार मात्र एककांच्या व्याख्यांतूनच निघतो: एक व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे एक ज्यूल ऊर्जा, आणि एक अँपिअर म्हणजे दर सेकंदाला एक कूलोम प्रभार, त्यामुळे दोहोंच्या गुणाकारात कूलोम निघून जातो आणि दर सेकंदाला खर्च होणारे ज्यूल, म्हणजेच वॅट, उरतात. विद्युतधारा मिलिअँपिअरमध्ये दिली असेल तर आधी तिला १००० ने भागावे. सर्वाधिक चुका इथेच होतात.

मात्र हा ६ ओहम रोध दिवा पेटलेला असतानाचा आहे. तोच दिवा काढून, थंड करून मल्टिमीटरने मोजल्यास जेमतेम अर्धा ओहम भरू शकतो, कारण टंगस्टनच्या तंतूचा रोध तापमानाबरोबर वाढतो आणि पेटलेल्या तंतूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा वेळी मीटरला दोष देऊ नये. आणि व्होल्टेजच्या वर्गाला रोधाने भागून शक्ती काढायची असल्यास थंड रोध मुळीच वापरू नये, नाहीतर २४ वॅटच्या जागी २८८ वॅट असे उत्तर येईल.