उन्हाळ्यात नीट भरलेल्या ज्वारीत श्रावणात अचानक सोंडे (धान्यातले सोंडवाले किडे) कुठून येतात?
अचानक नाही, ते आधीपासूनच आत असतात. सोंड्याची मादी दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून चिकट द्रवाने बुजवते. त्यामुळे दाणा हातात घेऊनही कळत नाही. अळी आतलं पीठ खात वाढते, साधारण महिनाभरात किडा बाहेर पडतो, तेव्हा कुठे भोक दिसतं. सोलापूरच्या उन्हात खडखडीत वाळलेल्या मालदांडी जातीच्या ज्वारीत त्यांचं फारसं चालत नाही. पावसाळी दमटपणा लागला की भराभर वाढतात.

पसरतात बहुतेक जुन्या बारदानातून आणि कणगीच्या तळाशी उरलेल्या दाण्यांतून. जुन्या ज्वारीवर नवी कधीच ओतू नका! पोती उलटी करून शिवणी झटका. ज्वारी दाताखाली कट्कन फुटेल इतकी वाळवा, निवल्यावरच भरा.