थांब्याला नाव असताना क्रमांक कशासाठी?

प्रश्न : मुलीकडे लंडनला राहून आल्यापासून एक शंका मनात आहे. तेथील बसथांब्यांना नावाबरोबर पाच अंकी क्रमांकही असतो, आणि रस्त्याच्या दोन बाजूंच्या थांब्यांचे नाव एकच असले तरी क्रमांक निराळे असतात. नावाने काम भागत असताना हा खटाटोप कशासाठी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रवाशाचे काम नावाने बहुधा भागते, कारण कोणत्या बाजूला उभे राहायचे हे तो रस्ता पाहून ठरवतो, संगणकाला तो रस्ता दिसत नाही. वेळापत्रकाच्या माहितीत थांबा म्हणजे गाडी जेथे थांबते ती नेमकी जागा, म्हणून समोरासमोरच्या दोन थांब्यांची नोंद वेगळी ठेवावीच लागते.

आपण पाहिलेला क्रमांक प्रवाशांच्या सोयीचा आहे. तो देऊन त्या थांब्यावर येणाऱ्या पुढच्या गाड्या विचारता येतात. त्याच थांब्याला आणखी एक, सहसा आपल्या नजरेस न पडणारा संकेतांक असतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील थांब्यांची 'नॅपटॅन' नावाची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यातील संकेतांक जास्तीत जास्त 12 अक्षर-अंकांचा असून त्याचे पहिले तीन अंक प्रशासकीय क्षेत्र दाखवतात (लंडनसाठी 490), आणि शेवटचा भाग स्थानिक यंत्रणा ठरवते. जगभर वापरल्या जाणाऱ्या 'जीटीएफएस' या माहितीरचनेतही, जिची सुरुवात 2005 मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांच्या सहकार्यातून झाली, हे दोन रकाने स्वतंत्र आहेत : स्टॉप आयडी यंत्रासाठी आणि सक्तीचा, स्टॉप कोड प्रवाशासाठी आणि ऐच्छिक.

माझ्या मते या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे यंत्रासाठीचा क्रमांक टिकाऊ असणे. नावाच्या आद्याक्षरांवरून संकेतांक बनवण्याचा मोह होतो, पण नावे बदलतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात 2017 मध्ये 'महाराज' हा शब्द जोडला गेला, तेव्हा रेल्वेतील त्याचा 'सीएसटीएम' हा संकेतांकही बदलून 'सीएसएमटी' करावा लागला. एका मोठ्या स्थानकाचा असा बदल निभावून नेता येतो. शहरातील हजारो बसथांब्यांच्या बाबतीत ते अवघड आहे, कारण गाडी किती मिनिटांत येणार ही ताजी माहिती थांब्याचे नाव घेऊन नव्हे, तर त्याचा क्रमांक घेऊन येते. वेळापत्रकाची नवी आवृत्ती काढताना थांब्यांना पुन्हा एकपासून क्रमांक दिले, तर ती माहिती भलत्याच थांब्याला चिकटते आणि प्रवाशाने मोबाइलमध्ये जपून ठेवलेला थांबाही निरुपयोगी होतो. बंद झालेल्या थांब्याचा क्रमांक दुसऱ्याला देणे याच कारणाने टाळले पाहिजे.

प्रश्न : अभ्यासासाठी मी बसथांब्यांची एक यादी एक्सेलमध्ये उघडली, तेव्हा काही क्रमांकांच्या सुरुवातीचे शून्य नाहीसे झाले. याने फरक पडतो का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : निश्चित पडतो. थांब्याचा क्रमांक दिसतो संख्येसारखा, पण त्याची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते. तो मजकूर आहे आणि मजकूर म्हणूनच साठवला पाहिजे. सिंगापूरच्या बसथांब्यांचे क्रमांक पाच अंकी असतात आणि त्यांतील काही, उदाहरणार्थ 01012, शून्याने सुरू होतात. ब्रिटनमध्ये ब्रिस्टॉल शहराचे संकेतांक 010 ने सुरू होतात. असा शून्य गळाला की थांब्यांची यादी आणि वेळापत्रकाची फाइल यांची जुळणीच होत नाही, आणि थांबा अस्तित्वात असूनही तेथे एकही गाडी येत नाही असे दिसू लागते.

फाइल थेट उघडण्याऐवजी ती आयात करा आणि त्या वेळी क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' निवडा. सर्व क्रमांक समान लांबीचे असतील, तर गळालेले शून्य पुन्हा लावता येतील. लांबी कमी-जास्त असेल, तर अंदाजाने भरू नका, मूळ फाइलच पुन्हा घ्या.