वाचक विचारतात: कागदाच्या लगद्यावर पीओपी

प्रश्न: कागदाच्या लगद्याचा मुखवटा केला, वरून प्लास्टरचा थर दिला तर वाळल्यावर तडे गेले. आणि घरचे म्हणतात ही शाळेतली हस्तकला, शिल्प नाही. खरंय का?

उत्तर: आधी तड्यांचं बघू. लगदा आतून ओला असणार तुमचा, तो वाळताना आकसतो आणि प्लास्टर उलट सेट होताना किंचित फुगतं, मग तडे जाणारच ना. लगदा पूर्ण वाळू द्या, पातळ फेविकॉलचा हात मारा, मग प्लास्टर. आणि पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरवर नाही, नाहीतर गुठळ्या. मोठं काम असेल तर मूर्तिकार घालतात तसा काथ्या घाला, नाहीतर बँडेजची जाळी.

आता घरच्यांचं. कागदाच्या लगद्याचंही शिल्प होतं हो. व्हिएन्नाचा फ्रान्झ वेस्ट (१९४७–२०१२) म्हणून आर्टिस्ट होता, त्याने ७० च्या दशकापासून लोखंडी सळ्या, प्लास्टर, कागदाचा लगदा असलं घेऊन पांढरे वेडेवाकडे आकार केले, नाव ‘पासश्ट्युके’, म्हणजे साधारण ‘अंगाला बसणारे तुकडे’, आणि ते नुसते बघायचे नाहीत हं, उचलायचे, खांद्यावर घ्यायचे, अंगाला लावून उभं राहायचं, म्हणजे माणूसच शिल्पाचा भाग होतो आणि जरा बावळटही दिसतो, जे मला फार आवडतं! संगमरवरासमोर आपण हात मागे बांधून उभे राहतो, इथे तसं नाही. २०११ ला त्याला व्हेनिस बिनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात जीवनगौरवाचा ‘गोल्डन लायन’ पुरस्कार मिळाला. २०१९ ला लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन झालं, तिथे प्रतिकृती हाताळायला ठेवल्या होत्या.

मुखवटा पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका मात्र, ओल धरेल.