राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारण’ लिहू नका

प्रश्न : मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आहे. मुंबईच्या एका ट्रस्टतर्फे चौदा महिने धारणीत (मेळघाट) समुपदेशक म्हणून काम करते आहे. बाँड तीन वर्षांचा, आधी सोडलं तर तीन लाख भरायचे. मूळ प्रमाणपत्रं ट्रस्टकडे आहेत. दर महिन्याला मानसोपचारतज्ज्ञाचं सुपरव्हिजन (माझ्या केसेसवर मार्गदर्शन) मिळेल असं लिहिलं होतं, ते दोनदाच मिळालं. आत्महत्येचे विचार असलेले रुग्ण एकटीने सांभाळणं आता झेपत नाही. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असा राजीनामा लिहून ठेवला आहे. बाँड टिकेल का?

उत्तर : तो राजीनामा पाठवू नका.

बाँड मुळातच बेकायदा असतो, हा समज सोडा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. मात्र ती सरकारी बँक होती आणि नव्याने रीतसर भरती करण्याचा खर्च तिथे महत्त्वाचा ठरला. खासगी ट्रस्टला तो युक्तिवाद आयता मिळणार नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार तीन लाख ही कमाल मर्यादा आहे. प्रशिक्षण, प्रवास, निवास यांवर झालेला खर्च मोजता येण्यासारखा असेल, तर ट्रस्टला तो दाखवावा लागेल. न्यायालय किती मान्य करेल, हे आज सांगता येत नाही. सक्तीने कामावर मात्र कुणी ठेवू शकत नाही.

तुम्ही पाठवलेल्या बाँडमधलं एकच वाक्य निर्णायक आहे : ‘संस्थेकडून मिळणाऱ्या प्रशिक्षण व मासिक सुपरव्हिजनच्या मोबदल्यात कर्मचारी तीन वर्षे सेवा देईल.’ सुपरव्हिजन हा तुमच्या सेवेचा मोबदला आहे, असं ट्रस्टनेच लिहून दिलं आहे. तो न देता सेवेचा आग्रह धरता येत नाही, हे करार कायद्याच्याच कलम ५४ च्या आधारे मांडता येतं. ‘वैयक्तिक कारण’ लिहिलंत की हा मुद्दा तुम्हीच मोडीत काढाल.

अडचण तुमच्या गप्प राहण्याची आहे. बारा महिने सुपरव्हिजन मिळालं नाही आणि तुम्ही फक्त फोनवर सांगत राहिलात. एक ईमेल करायला काय हरकत होती? ‘तिने कधी तक्रारच केली नाही’ हे ट्रस्टच्या वकिलाचं पहिलं वाक्य असेल.

म्हणून आजच ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र पाठवा. कोणकोणत्या महिन्यांत सुपरव्हिजन झालं नाही, ते महिने लिहा. गंभीर रुग्ण किती, एवढाच आकडा द्या. नाव, गाव, वय काहीही नको, कारण मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम २३ ची गोपनीयता तुमच्यावरही बंधनकारक आहे. पंधरा दिवसांत सुपरव्हिजन सुरू करा, अशी मागणी करा. ते सुरू झालं आणि तुम्ही राहिलात तर उत्तमच. धारणीतल्या रुग्णांना तुमची गरज आहे. विश्वस्तांनीही लक्षात घ्यावं की बाँडच्या धाकावर दुर्गम भागात माणसं टिकत नाहीत. तिथे फोन उचलणारा वरिष्ठ, राहायची धड सोय आणि बदलीची ठरलेली तारीख लागते. मानसिक आरोग्यासाठी पुरेसं मनुष्यबळ उभं करायला २०१७ च्या त्याच कायद्याने सरकारला दिलेली दहा वर्षं २०२८ मध्ये संपत आहेत.

पंधरा दिवसांत काहीच हललं नाही, तर त्या पत्राचा हवाला देऊन राजीनामा द्या आणि नोटीस काळ पूर्ण करा. ट्रस्टला दाव्यासाठी करारभंगापासून तीन वर्षं मिळतात. मुंबईत दिवाणी दावा किती रेंगाळतो, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, त्यामुळे तडजोडीची तयारी ठेवा. सह्या करून दिलेले कोरे चेक ट्रस्टकडे असतील, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

प्रमाणपत्रांची मागणी वेगळ्या पत्राने करा. बाँडच्या रकमेसाठी ती अडवून ठेवता येत नाहीत. तरीही दिली नाहीत, तर पोलिसांत तक्रार करा. पोलीस ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवण्याची शक्यता आहे, तरी तक्रारीची पोच घ्या.

निघताना प्रत्येक केस फाइल, पुढच्या भेटीची तारीख आणि कुणाकडे तातडीने लक्ष द्यायला हवं याची यादी सोपवून सही-शिक्क्याची पोच घ्या. फाइलचे फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका.